तीन नावांचा डॉक्टर आणि पट्ट्यांचा मासा

आमच्या बऱ्हाणपूरच्या मासळी बाजारात गेलं की तीन नावं हमखास कानावर पडतात. रोहू, कटला, मृगळ. मासे ताप्तीचेच असतील असं नाही, बरेचसे तळ्यातले आणि धरणातले असतात. (आम्ही ताप्ती म्हणतो. रावेरच्या बाजूला गेलं की तीच नदी तापी होते. पाणी तेच.) लहानपणी मला वाटायचं, ही नावं मासेवाल्या मावशींनीच ठेवली असणार. पुढे कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं आणि वर्गीकरणाच्या वहीत हेच तिघे लॅटिनचा कोट घालून समोर आले. लॅबिओ रोहिता, कटला कटला, सिऱ्हिनस मृगला. आणि प्रत्येकापुढे कंसात एकच माणूस, एकच साल: हॅमिल्टन, १८२२.

मागच्या वर्षी विभागाची सहल पुण्याला एक प्रयोगशाळा बघायला गेली. तिथे काचेच्या टाक्यांच्या रांगाच्या रांगा होत्या आणि त्यांत बोटाच्या दोन पेरांएवढे, निळ्या पट्ट्यांचे मासे सुळसुळत होते. एका ताईंनी कालच घातलेलं अंडं सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. अंड्याचं कवच पारदर्शक, आतलं पिल्लूही पारदर्शक, आणि त्याच्या छातीत एक ठिपका धडधडत होता. चोवीस तासांपूर्वी जी एकच पेशी होती, तिचं हृदय चालू झालेलं होतं. सगळ्या वर्गाची बडबड थांबली. टाकीवरच्या चिठ्ठीवर नाव होतं डॅनिओ रेरिओ. परत येताना गाडीत मी सहज फोनवर शोधलं, तर पुढे कंसात पुन्हा तेच: हॅमिल्टन, १८२२.

आता हा माणूस कोण ते बघणं भाग होतं.

पहिली अडचण त्याच्या नावाचीच आली. अर्ध्या पुस्तकांत तो फ्रान्सिस बुकॅनन आहे, माशांच्या पुस्तकावर फ्रान्सिस हॅमिल्टन आहे, आणि वनस्पतिशास्त्राची मंडळी त्याला बुकॅनन-हॅमिल्टन म्हणतात. आपल्याकडे दत्तक गेलेल्या मुलाचं जसं आडनाव बदलतं तसाच काहीसा प्रकार होता, पण तो पुढे येईल. ज्या माणसाने शेकडो जिवांना नावं दिली, त्याच्या स्वतःच्या नावाचा असा गोंधळ व्हावा ही गंमतच. तूर्त त्याला बुकॅनन म्हणू, कारण आयुष्याची छप्पन्न वर्षं तो बुकॅननच होता.

स्कॉटलंडमधल्या कॅलँडर गावाजवळ १७६२ साली त्याचा जन्म झाला. वडील डॉक्टर, आणि हा धाकट्या मुलांपैकी एक, म्हणजे वारसा मिळण्याची आशा फारशी नाही. तेव्हाच्या स्कॉटिश घरांत अशा मुलांनी डॉक्टर व्हायचं आणि जहाज धरायचं, ही ठरलेली वाट होती. एडिंबरो विद्यापीठातून १७८३ मध्ये तो डॉक्टर झाला. तिथे जॉन होप नावाचे प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवत. लिनिअसची नामकरणाची पद्धत, म्हणजे प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं लॅटिन नाव देण्याची रीत, ब्रिटनमध्ये शिकवायला लागलेल्या पहिल्या काही जणांपैकी ते एक. डॉक्टरकीबरोबर बुकॅननला हा नाद तिथेच लागला. काही वर्षं आशियाकडे जाणाऱ्या जहाजांवर काढल्यावर १७९४ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या वैद्यकीय सेवेत रुजू झाला. वय बत्तीस.

पुढच्या वर्षी कंपनीने कॅप्टन मायकेल साइम्सला ब्रह्मदेशाच्या राजाच्या दरबारी, आव्याला, वकील म्हणून पाठवलं. बुकॅनन सोबत डॉक्टर म्हणून गेला. औषधपाणी केलंच, पण उरलेला वेळ झाडं गोळा करण्यात आणि लोकांच्या बोली टिपण्यात घालवला. त्या टिपणांवरून लिहिलेला त्याचा भाषांवरचा लेख १७९९ साली छापला गेला. अराकानातल्या मुसलमानांची बोली त्यात आहे आणि ते स्वतःला रूइंगा म्हणवतात अशी नोंदही आहे. आज रोहिंग्यांच्या प्रश्नावर वाद सुरू झाला की दोन्ही बाजूंचे लोक हा सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा लेख काढून बसतात. समोरचा माणूस स्वतःच्या वस्तूला काय म्हणतो ते आधी ऐकायचं आणि तसंच लिहून ठेवायचं, ही त्याची सवय इथे पहिल्यांदा ठळक दिसते. माशांच्या बाबतीत तिचंच सोनं झालं.

ब्रह्मदेशाहून परतल्यावर बंगालमधल्या नेमणुकीत त्याने मासे बघायला सुरुवात केली. बंगालात राहून मासे न बघणं अवघडच म्हणा. पण त्याची नोकरी त्याला एका जागी राहू देईना. १७९८ मध्ये मसाल्याची लागवड कुठे होईल ते बघायला चितगावकडे पाठवलं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला, आणि हातात आलेल्या मुलखात नेमकं आहे तरी काय हे गव्हर्नर जनरल वेलस्लीला हवं होतं. १८०० च्या एप्रिलमध्ये बुकॅनन मद्रासहून निघाला आणि म्हैसूर, मलबार, कॅनरा असा वर्षभराहून जास्त काळ फिरला. शेत कसं नांगरतात, बी किती पेरतात, मापं कोणती, लोखंड कसं गाळतात, विणकराच्या हाती काय उरतं, सगळं रोजनिशीत आलं. तिचे तीन जाड खंड १८०७ मध्ये लंडनला छापले गेले. त्यानंतर १८०२ मध्ये नेपाळ.

इथे एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. ही भटकंती एखाद्या साधूची नव्हती. जिंकलेल्या किंवा जिंकायच्या मुलखाची ती मोजदाद होती, आणि तिचा शेवट महसुलाच्या वहीत व्हायचा. बुकॅनन कंपनीचा पगारी नोकर होता आणि त्याला त्यात काही वावगं वाटत असल्याचं त्याच्या लिखाणात दिसत नाही. इथल्या लोकांबद्दल, विशेषतः पुरोहितवर्गाबद्दल, त्याने काही ठिकाणी फार कडवट लिहिलं आहे. मात्र शेतकरी, कोळी, लोहार यांच्या कामाकडे तो ज्या बारकाईने बघतो, ते वाचताना माझा तरी राग अर्धा होतो.

१८०३ साल आमच्या गावासाठी महत्त्वाचं आहे. त्या सप्टेंबरात असईची लढाई झाली, आणि ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने आधी शिंद्यांचं बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ अशीरगड घेतला. वर्ष संपायच्या आत तहात दोन्ही शिंद्यांना परत मिळालं, तरी कंपनीचे बूट बऱ्हाणपूरच्या रस्त्यांवर वाजले ते तेव्हाच. असई जिंकणारा सेनापती आर्थर वेलस्ली हा गव्हर्नर जनरलचा सख्खा भाऊ. आणि त्याच १८०३ मध्ये गव्हर्नर जनरलसाहेबांचे खासगी डॉक्टर म्हणून कलकत्त्यात कोणाची नेमणूक झाली? आपल्या बुकॅननची. धाकटा भाऊ इकडे किल्ले घेत होता आणि थोरल्याची नाडी बुकॅननच्या हातात होती.

वेलस्लीने कलकत्त्याच्या वरच्या अंगाला, हुगळीकाठी बराकपूरला एक संस्था काढली. हिंदुस्थानातले पशुपक्षी जिवंत आणून ठेवायचे, त्यांचं वर्णन करायचं, चित्रं काढून घ्यायची. बुकॅनन तिचा प्रमुख. हलुदार नावाचा बंगाली चित्रकार त्याच्यासाठी काम करी. त्याने काढलेली प्राण्यांची चित्रं आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

आता बराकपूरच्या घाटावर उभं राहून समोर बघा. पलीकडच्या काठावर डेन लोकांच्या ताब्यातलं श्रीरामपूर होतं. तिथे विल्यम कॅरी नावाचे मिशनरी नागपूरकडच्या वैजनाथ पंडितांना हाताशी घेऊन मराठीचं व्याकरण तयार करत होते. ते १८०५ मध्ये छापलं गेलं. मराठीच्या सुरुवातीच्या छापील व्याकरणांपैकी ते एक. आपल्या मंडळात दर वर्षी कोणी ना कोणी कॅरींवर बोलतं, त्यामुळे जास्त सांगत नाही. पण हे दृश्य मला फार आवडतं. नदीच्या एका काठावर मराठीतल्या विभक्ती मांडल्या जात होत्या आणि दुसऱ्या काठावर प्राण्यांचे दात, नखं, पिसं मोजली जात होती. दोन्हीकडे साहेबाचं नाव पुस्तकावर आणि शेजारी बसलेला इथला माणूस, एक पंडित, एक चित्रकार. वैजनाथ आणि हलुदार ही नावं निदान टिकली.

१८०५ मध्ये वेलस्ली मायदेशी परतला, त्याच्याबरोबर बुकॅननही गेला. पण दोन वर्षांत कंपनीच्या संचालकांनी त्याला पुन्हा पाठवलं, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम १८०७ मध्ये सुरू झालं: बंगाल इलाख्याची जिल्हावार पाहणी. दिनाजपूर, रंगपूर, पूर्णिया, भागलपूर, पाटणा आणि बिहार, शहाबाद, गोरखपूर. सात वर्षं. कोरड्या दिवसांत फिरायचं, पावसाळ्यात एका जागी बसून लिहायचं. काय काय लिहायचं याची यादी वरून आलेली होती. जमीन, लोक, धर्म, शेती, कारागिरी, व्यापार, आणि त्यातच जंगलं, खाणी, मासेमारी.

मासेमारी हा सरकारच्या यादीतला एक मुद्दा. बुकॅननने त्याचं आयुष्यभराचं वेड करून टाकलं.

पद्धत साधी होती. जाळं वर आलं की मासा बघायचा. किती लांब, तोंडाला मिशा आहेत की नाहीत, परात किती काटे, शेपटी कशी, खवले कुठे. मग तो धरणाऱ्याला विचारायचं, याला काय म्हणतोस? आणि जे उत्तर येईल ते घ्यायचं. युरोपातले निसर्गशास्त्रज्ञ तेव्हा आश्रयदात्या सरदारांची नाहीतर ग्रीक देवतांची नावं प्राण्यांना देत होते. बुकॅननने गंगेच्या खोऱ्यातल्या कोळ्यांचे शब्द उचलले आणि ते जवळपास जसेच्या तसे लॅटिन नावात बसवले. रोहिता, कटला, मृगला. हिलसा माशाला इलिशा. आणखी टिक्टो, सोफोरे, देवारिओ. म्हणून आमच्या बाजारातल्या मावशी जे ओरडतात तेच विज्ञानाच्या पुस्तकात सापडतं. लॅटिन बाजारातून आलं आहे, उलट नाही. (कंसाचंही सांगून टाकतो, परीक्षेत येतं. संशोधकाचं नाव कंसात असेल तर समजायचं की त्याने तो जीव मुळात वेगळ्या प्रजातीत ठेवला होता, पुढच्यांनी हलवला. जातीचं नाव मात्र त्याचंच राहतं.)

पूर्णिया जिल्ह्याची पाहणी १८०९-१० ची. हा कोसीचा मुलूख. हिमालयातून गाळ घेऊन येणारी आणि पात्र बदलत राहणारी नदी. बुकॅनन तिथे गेला तेव्हापासून आजवर ती कितीतरी कोस पश्चिमेला सरकली आहे. जिथे ती सरकते तिथे मागे डबकी, ओढे, भाताच्या पाणथळ खाचरा राहतात. अशा उथळ, संथ पाण्यात त्याला एक चिमुकला मासा मिळाला. लांबी जेमतेम दीड-दोन इंच. अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत निळ्या रेघा. खायला कामाचा नाही, विकायला नाही, औषधालाही नाही. तिथल्या लोकांच्या तोंडी असलेलं रेरिओ हे नाव त्याने लिहून घेतलं. पुढे पुस्तकात या गटातल्या लहान माशांना त्याने डॅनिओ असं गटनाव दिलं. भातशेतीतला या अर्थाच्या धानी या बंगाली शब्दावरून ते आलं असं सांगतात.

मला या प्रसंगाचं राहून राहून नवल वाटतं. सरकारला हवी होती उत्पन्न देणाऱ्या मासेमारीची माहिती. रेरिओतून एक कवडी मिळणार नव्हती. बुकॅननने तो टाकून दिला असता तर कोणी जाब विचारला नसता. पण हातात आलेला प्रत्येक मासा लिहायचा हा त्याचा हट्ट. आणि त्याला नाव सांगणारा जो कोणी होता, पोरगा असेल, खाचरात टोपली लावणारी बाई असेल, त्याचं नाव त्या कागदावर नाही. शब्द राहिला, सांगणारा गेला.

१८१४ मध्ये विल्यम रॉक्सबर्ग यांच्यानंतर कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. आयुष्यभर हीच जागा हवी होती, आणि मिळाली तेव्हा तब्येत संपलेली. वर्षभरात, १८१५ मध्ये, तो परत निघाला. आणि निघताना तो प्रसंग घडला, जो त्याने कधी विसरला नाही. इतक्या वर्षांत चित्रकारांकडून काढून घेतलेली मासे, पक्षी, झाडं यांची चित्रं त्याला इंग्लंडला न्यायची होती, कंपनीच्याच लंडनमधल्या संग्रहालयात द्यायची होती. नवा गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणाला, चित्रं सरकारच्या खर्चाने झाली, ती कलकत्त्यातच राहतील. कायद्याने बघितलं तर त्याचं चूक नव्हतं. पण वर्णन एका खंडात आणि चित्र दुसऱ्या खंडात, असं झालं तर दोन्हींचा उपयोग अर्धा होतो, हे शास्त्र न कळणाऱ्या माणसाला कसं समजावणार? चित्रं राहिली. बुकॅनन जहाजावर चढला.

स्कॉटलंडला आल्यावर नशीब दुसऱ्या बाजूने फिरलं. थोरला भाऊ वारला आणि आईकडची इस्टेट १८१८ मध्ये याच्याकडे आली. अट अशी की आडनाव आईच्या घराण्याचं लावायचं. फ्रान्सिस बुकॅनन असा फ्रान्सिस हॅमिल्टन झाला. उशिरा लग्न केलं, मुलगा झाला, बागेत झाडं लावली. १८१९ मध्ये नेपाळवरचं पुस्तक आलं. आणि १८२२ मध्ये एडिंबरोहून गंगा आणि तिच्या शाखांमधल्या माशांचा ग्रंथ. अडीचशेहून जास्त जाती, त्यातल्या शंभरावर विज्ञानाला तोवर ठाऊक नसलेल्या. सोबत चित्रांची ३९ पानं होती, पण कितीतरी माशांना चित्रच नाही, नुसतं वर्णन. चित्रं होती, पण ती हुगळीच्या काठावर कपाटात पडलेली.

१५ जून १८२९ रोजी तो गेला. वय ६७.

त्याच्या कामाचं पुढे जे झालं ते वाचून वाईट वाटतं. सात वर्षांच्या जिल्हा पाहणीची हस्तलिखितं लंडनला पडून होती. १८३८ मध्ये माँटगोमेरी मार्टिन या गृहस्थाने त्यांची काटछाट करून पूर्व हिंदुस्थानावरचे तीन खंड छापले आणि मुखपृष्ठावर स्वतःचं नाव घातलं. बुकॅननचं नाही. पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, कलकत्त्यात जॉन मॅकक्लेलंड या दुसऱ्या डॉक्टरने हिंदुस्थानातल्या कार्प माशांवर मोठं काम प्रसिद्ध केलं. तोवर ती कपाटातली चित्रं त्याच्या हाती लागलेली होती. शेवटी भारतीय प्राणिसर्वेक्षणातले सुंदरलाल होरा यांनी चित्रं आणि वर्णनं एकमेकांशी ताडून बघितली आणि हॅमिल्टनचे मासे ओळखायला मदत म्हणून एक प्रबंध काढला. साल १९२९. माणूस जाऊन बरोबर शंभर वर्षं झाली होती. साहेबाची विस्कटलेली वही जुळवून दिली ती एका भारतीय मत्स्यशास्त्रज्ञाने, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आपल्या मुलखातही हेच काम एकाने केलं, त्याचा उल्लेख राहू नये. कर्नल विल्यम साइक्स याने १८२४ पासून दख्खनची पाहणी केली आणि १८३९ च्या सुमारास इथल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यानेही मराठी शब्दच घेतले. खुद्री, कोळस, नुक्ता, रोहटी. भीमेच्या काठच्या कोळ्यांचे शब्द आज जगभरच्या मत्स्यशास्त्राच्या याद्यांत आहेत. भाषेचे विद्यार्थी शब्दकोश चाळतात, तशी एकदा माशांची यादीही चाळून बघायला हरकत नाही.

आता रेरिओकडे येऊ. त्याची खरी गोष्ट बुकॅननच्या मृत्यूनंतर सुरू होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मासा शोभेचा मासा म्हणून युरोप-अमेरिकेत पोहोचला. स्वस्त, चपळ, कुठल्याही पाण्यात टिकणारा. पट्ट्यांवरून त्याला झेब्राफिश म्हणू लागले. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर नावाचा शास्त्रज्ञ एका नव्या प्राण्याच्या शोधात होता. हा मूळचा बुडापेस्टचा, नाझींच्या भीतीने लहानपणी आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला. विषाणूंच्या जनुकांवर त्याने नाव कमावलं होतं, पण त्याला पाठीचा कणा असलेला प्राणी हवा होता, आपल्यासारखा मेंदू, मणके, हृदय असलेला. उंदीर होते, पण उंदराचं पिल्लू आईच्या पोटात वाढतं, तिथे डोकावणार कसं? झेब्राफिशची अंडी बाहेर पाण्यात फलित होतात. मादी एका वेळी दोनशेच्या घरात अंडी देते. अंडं काचेसारखं, एका दिवसात शरीराचा आराखडा तयार, दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर, तीन महिन्यांत तेच पिल्लू अंडी द्यायला तयार. आणि मासा मिळतो कुठे? शोभेच्या माशांच्या दुकानात. आज जगभर वापरला जाणारा एक प्रयोगशाळेतला वाण ऑल्बनी नावाच्या गावातल्या दुकानातून आणलेल्या माशांपासून निघालेला आहे.

१९८१ मध्ये स्ट्रायसिंगरने नुसत्या मादीच्या अंड्यांपासून, बापाचं एकही जनुक न घेता, हुबेहूब एकसारखे मासे तयार करून दाखवले. त्या प्रयोगात खूण म्हणून त्याने फिकट पट्ट्यांचे, गोल्डन नावाचे मासे वापरले होते. १९८४ मध्ये समुद्रात बुडी मारताना तो वारला, वय ५६. त्याच्या सहकाऱ्यांनी आपले मासे आणि आपली पद्धत मागेल त्याला देऊन टाकली. जर्मनीत ट्यूबिंगनला आणि अमेरिकेत बोस्टनला हजारो बिघडलेल्या पिल्लांची तपासणी झाली. कोणाचं हृदय चुकलेलं, कोणाचे कान, कोणाचं रक्त. चुकलेल्या पिल्लावरून बरोबर घडवणारं जनुक शोधायचं. १९९६ मध्ये ते निष्कर्ष एकदम बाहेर आले आणि रेरिओ मॉडेल ऑर्गनिझम झाला. त्याचं हृदय थोडं कापलं तर दोन महिन्यांत ते पुन्हा वाढतं हे २००२ मध्ये कळलं. २००५ मध्ये गोल्डन माशाचे पट्टे कोणत्या जनुकामुळे फिके होतात ते सापडलं, आणि माणसातलं तेच जनुक तपासल्यावर युरोपातल्या लोकांची कातडी गोरी होण्यात त्याचा मोठा हात असल्याचं दिसलं. ज्या रंगावरून साहेब आणि नेटिव्ह ठरत होते, त्याचा धागा कोसीच्या खाचरातल्या एका बिनकामाच्या माशाने उलगडून दिला. बुकॅननला हे सांगितलं असतं तर त्याचा चेहरा कसा झाला असता, हे बघायला मला आवडलं असतं.

२०१३ मध्ये संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला. माणसाच्या दर दहा जनुकांपैकी सुमारे सातांचा जोडीदार या माशात आहे. आज मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत, दिल्ली, हैदराबाद, बंगळूरला रेरिओच्या टाक्या आहेत. त्यांतले पुष्कळ मासे परदेशी वाणांचे, म्हणजे कोसीहून निघून शोभेच्या दुकानातून, ओरेगॉन-जर्मनी करून परत आलेले. आपल्याकडे परदेशातून आलेल्या पाहुण्याचं कौतुक जरा जास्तच होतं, त्यातला प्रकार म्हणावा का? तसं नाही. पिढ्यान्‌पिढ्या नोंद ठेवलेला मासा लागतो, म्हणून. पण भारतातल्या ओढ्यातून धरलेल्या माशांवरही काम झालं आहे, आणि रानटी रेरिओ कसा जगतो, कोणाला घाबरतो, हे बघायचं तर आपल्याच पाण्यात उतरावं लागतं.

या दिवाळीत घरी गेलो तेव्हा सकाळी राजघाटावर जाऊन बसलो. ताप्तीला पाणी बरं होतं. एक ओळखीचे भोईकाका जाळं झटकत होते. मोठे मासे वेगळे काढून झाल्यावर तळाशी बोटभर लांबीची चमचमणारी मासोळी उरली, ती ते पाण्यात फेकायला निघाले. मी थांबवून म्हटलं, काका, यांची नावं सांगा ना. ते आधी हसले, म्हणाले, याला कोण विचारतं. मग एकेक उचलून सांगू लागले. शेजारचा त्यांचा पुतण्या मध्येच म्हणाला की हे नाव चुकलं, आमच्या आजोळी याला दुसरंच म्हणतात. दोघांची जुंपली. मी दोन्ही लिहून घेतली, शेजारी परातले काटे मोजून आकडा टाकला आणि फोनवर फोटो काढले. वहीच्या त्या पानावर सध्या अकरा नावं आहेत. त्यातली तीन बहुतेक एकाच माशाची असावीत. भोईकाकांचं आणि पुतण्याचं नाव पानाच्या डोक्यावर लिहिलं आहे.